हसनभाईंचा आठवा खेळाडू

हसनभाई पोरं मोजायला लागले की सात पोरांची आठ व्हायची. एकेकाच्या डोक्यावर बोट ठेवत ते सातपर्यंत येत, मग मागच्या रिकाम्या वाळूकडे बोट करत आणि म्हणत, "आठ. यल्ला, खेळा." पहिल्याच दिवशी मी त्यांना टोकलं, "हसनभाई, सातच आहेत हो." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मलाच मोजता येत नाही. "तुला सात दिसतायत? मग सात," म्हणाले.

गोष्ट एकोणीसशे साठच्या आसपासची, कतारमधल्या दुखानच्या तेल कॅम्पातली. हसनभाई रत्नागिरीकडचे, यार्डात ओझी बांधून क्रेनला लावणाऱ्या रिगरांचे मुकादम. क्रेनसमोर उभं राहून आरोळी द्यायची, हे त्यांचं काम. 'हबेस' म्हटलं की ओझं वर, 'आरिया' म्हटलं की खाली. मी महाडचा, ऑफिसात कारकून. इंग्रजी यायचं म्हणून जो तो मला दुभाषा करून मध्ये उभा करायचा.

टेक्सासहून आलेला हँकसाहेब कॅम्पातल्या शाळेच्या पोरांना त्याच्या देशचा फुटबॉल शिकवायचा. सगळा खेळ हातानं, आणि नाव काय तर फुटबॉल! कमरेला फडकं खोचायचं. चेंडूवाल्याचं फडकं ओढलं की डाव थांबला. साहेबांची पोरं एकीकडे, आम्हा कारकून-मिस्त्र्यांची दुसरीकडे. आमच्या पोरांना कोणी वाली नव्हता, म्हणून हसनभाई उभे राहिले.

हँकनं बचावासाठी कागदावर बारा इशारे लिहून दिले. कोणत्या इशाऱ्याला कोणी आपली जागा सोडून चेंडू फेकणाऱ्यावर धावून जायचं, ते त्यात होतं. त्याला तो ब्लिट्झ म्हणे. अकरा-बारा वर्षांची पोरं ती, एका इशाऱ्याला तिघं धावत आणि एकमेकांवर आपटून रडत बसत. हसनभाईंनी कागद माझ्या हातात कोंबला. "क्रेनवर बारा शब्द बोललो असतो ना, तर अर्धं यार्ड कबरस्तानात असतं." त्यांनी तीनच ठेवले. 'हबेस उजवा', म्हणजे उजवा एकटाच धावेल. 'हबेस डावा', डावा धावेल. 'आरिया', सगळे मागे. खलास! पोरं आठवड्यात तयार झाली.

"धावणं सोपं आहे रे," ते नेहमी म्हणत. "धावणाऱ्याची जागा रिकामी पडते. तिथं कोण?" तिथं शेजारच्यानं सरकायचं. तो विसरला की हसनभाई हळूच एक नाव घेत, "याकूब." संघात याकूब नावाचं कोणी नव्हतं. पोरं आधी खुदुखुदु हसायची, पुढे हसेनाशी झाली. छोट्या सलीमनं एकदा, हसनभाईंना कळू नये म्हणून, मला इंग्रजीत सांगितलं, की तिथली वाळू पायाला गार लागते. मे महिन्यात! मी भुताखेतांना भीक घालणारा माणूस नाही, म्हणून चप्पल काढून मुद्दाम तिथं उभा राहिलो. काही जाणवलं नाही. पण पुन्हा काही मी तिथं उभा राहिलो नाही.

शेवटी मीच विचारलं, हा याकूब कोण. "धाकटा भाऊ माझा," हसनभाई म्हणाले. "सतरा वर्षांचा. मीच आणला इकडे. धक्क्यावर पाइप उतरवत होतो. ओझ्याचा दोर माझ्या हातात, तो खाली. कोणीतरी ओरडलं, आग! सगळे धावले, मीपण धावलो. आग बघतो तर विडीएवढी." त्यांनी आपले दोन्ही तळहात उघडून पाहिले. "दोर सोडला मी, बशीर." सहा वर्षं झाली होती, ते गावी गेले नव्हते. "आई काय बोलणार नाय. पण तो रागावलाय का, एवढं मला कळायला पाहिजे. त्याशिवाय कुठल्या तोंडानं जाऊ?"

पुढच्या शुक्रवारी सकाळी सामना होता. बरोबरी झालेली, शेवटचा डाव. वारा सुटला आणि मैदानावर धूळ चढली, पलीकडची पोरं नुसती सावल्यांसारखी दिसायला लागली. हसनभाईंनी आरोळी दिली, "हबेस उजवा!" आणि आमची सातही पोरं धावली. उत्साह, दुसरं काय! मागे सगळं रान मोकळं. हँकच्या पोरानं, डॅनीनं, चेंडू छातीशी धरून नेमकी तीच रिकामी जागा गाठली.

"याकूब!" हसनभाई ओरडले. ते नाव त्यांनी मोठ्यानं घेतलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

डॅनी तिथंच थबकला. त्याच्या कमरेचं फडकं वाळूत पडलं होतं. कोणी ओढलं, हँकनं विचारलं. आमचं एकही पोर वीस हातांच्या आत नव्हतं. डॅनी पांढराफटक पडला होता. म्हणाला, तुमच्यातला तो मोठा, हातात दोर होता त्यानं.

हसनभाईंनी माझं मनगट धरलं. "रागात होता का? विचार, बशीर, विचार!" मी विचारलं. डॅनी म्हणाला, धूळ होती, चेहरा दिसला नाही. हसनभाई माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांची ती नजर मला सोसवेना.

"नव्हता म्हणतो," मी सांगितलं. "अजिबात नव्हता."

त्याच महिन्यात त्यांनी नोकरी सोडली. बोटीपर्यंत पोचवणारी लाँच पकडायला मी त्यांच्याबरोबर धक्क्यावर गेलो. ट्रंक खाली ठेवून ते म्हणाले, "तू खोटं बोललास. 'फेस' आणि 'डस्ट' एवढं इंग्रजी मलापण येतं, मेल्या."

लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"असू दे. पण तो उभा होता, हे तू बनवलेलं नाय. रागावलेला माणूस दुसऱ्यानं सोडलेली जागा राखत बसत नाय रे." माझ्या पाठीवर थाप मारून ते हसले. इतक्या दिवसांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

लाँचवाल्या अरबानं किती माणसं म्हणून विचारलं. हसनभाईंनी दोन बोटं दाखवली. या वेळी मी त्यांना टोकलं नाही. लाँचवाल्यानं हात देऊन हसनभाईंना वर घेतलं. मग त्यानं तोच हात पुन्हा धक्क्याकडे पुढे केला, थोडा वेळ धरला, आणि सावकाश आत ओढून घेतला.