मधून खेळा म्हणणारे इक्बालभाई

इक्बालभाई गेल्याचं कळलं तेव्हा मी माझ्या चष्म्याच्या दुकानात एका गृहस्थांचे डोळे तपासत होते. त्यांना तक्त्यावरची शेवटची ओळ दिसत नव्हती आणि ते मोठ्या आत्मविश्वासाने वाटेल ती अक्षरं ठोकून देत होते. तेवढ्यात शेजारच्या कपबश्यांच्या दुकानातून सलीम आला, इक्बालभाईंचा जावई. दारातच थांबला. "ताई, पप्पा गेले... नमाजनंतर जरा पडतो म्हणाले होते." आमच्या दोन्ही दुकानांची शटरं बरोबरच खाली आली. नंतरच्या दिवसांत भेटायला आलेले सगळे त्यांच्या सचोटीबद्दल बोलले, कुणाकुणाला केलेल्या मदतीबद्दल बोलले. फुटबॉलबद्दल एक माणूस बोलेल तर शपथ. म्हणून इतक्या आठवड्यांनी मीच लिहायला बसले.

इक्बालभाई तरुणपणी कुवेतला होते. तिथे सुट्टीच्या दिवशी स्टेडियममध्ये जाऊन फुटबॉल बघायची चटक लागली, ती घेऊनच ते पनवेलला परतले. त्यांचं कुणी आमच्या इथल्या कॉलेजात शिकत नव्हतं, पण संध्याकाळ झाली की दुकान सलीमवर टाकून ते कॉलेजच्या मैदानावर हजर. पुढे पुढे मलाही ओढून नेऊ लागले. पहिल्या दिवशी मी विचारलं, "ऑफसाइड म्हणजे काय हो?" त्यांनी ते इतक्या जीव तोडून समजावलं की पुढची कित्येक वर्षं प्रत्येक मॅचला मी तेच विचारत राहिले. ते दर वेळी कपाळावर हात मारायचे आणि दर वेळी समजावायचे.

आपल्या टीमने हल्ला कसा करावा याबद्दल त्यांच्याकडे सतत काहीतरी नवीन असायचं. दुकानाच्या काउंटरवर कप मांडून ते मला चाली दाखवत. एकदा ऐन हल्ल्यात गिऱ्हाईक आलं आणि सेंटर फॉरवर्डसकट सहा कप बांधून घेऊन गेलं. त्यांच्या बहुतेक कल्पना फसायच्या, हेही सांगायला हवं. थ्रो-इन करणाऱ्याने डावीकडे बघावं आणि उजवीकडे फेकावं, ही त्यांचीच. पोरांनी ती केली. समोरची टीम फसली आणि आपली टीमही फसली, सगळेच डावीकडे बघत राहिले आणि बॉल उजवीकडे गटारात गेला. "कल्पना बरोबर होती," इक्बालभाई शांतपणे म्हणाले, "आपल्यांना आधी सांगायला हवं होतं."

पण एकदा त्यांना जे दिसलं ते दुसऱ्या कुणालाच दिसलं नव्हतं. आमच्या मैदानाच्या बरोबर मधोमध क्रिकेटची सिमेंटची पट्टी होती. तिच्यावर बॉल पडला की कसाही उसळायचा, माणूस पडला तर गुडघे सोलवटायचे. त्यामुळे आमची पोरं मधून खेळायचीच नाहीत. मागून उंच लाथ मारायची, पट्टीवरून बॉल पलीकडे टाकायचा आणि धावायचं. अलिबागकडच्या एका कॉलेजात मॅच होती. तिथे सबंध मैदानभर हिरवंगार गवत, आणि तरी आमची पोरं उंच लाथाच मारत होती. समोरचा उंचेला बॅक जागच्या जागी उभा राहून एकेक बॉल डोक्याने परत पाठवत होता. मध्यंतराला इक्बालभाई तरातरा कॅप्टनकडे गेले. रूपेश म्हात्रे, गव्हाणचा.

"रूपेश, इथे पट्टी कुठे आहे? चुकवताय कुणाला?"

तो पाणी पिता पिता थांबला. वळून मैदानाकडे बघितलं. "आयला... खराच की चाचा. कोनाला कललाच नाय."

ती मॅच आम्ही हरलो. परतताना बसमध्ये इक्बालभाई टीम बघणाऱ्या, जिमखान्याच्या पाटील सरांच्या मागेच लागले, बॉल मधून खेळवा म्हणून. सर कडक माणूस, आणि थ्रो-इनचं प्रकरण ते विसरले नव्हते. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या वर्षी तुमच्या पद्धतीने खेळतो. पण इथेच पुन्हा हरलो, तर तुम्ही साइडलाइनवर यायचं बंद." मी इक्बालभाईंकडे बघितलं. त्या माणसाला संध्याकाळी दुसरीकडे कुठे जायचं ठाऊकच नव्हतं. "मंजूर," ते म्हणाले.

करंजाड्याला तेव्हा नुसते प्लॉट पाडलेले होते, इमारती उगवायच्या होत्या. तिथल्या एका सपाट प्लॉटवर प्रॅक्टिस सुरू झाली. इक्बालभाईंनी बरोबर मधोमध दुकानातली प्लॅस्टिकची खुर्ची मांडली आणि तिच्यावर स्वतः बसले, पठाणी कुर्ता, पोट, चष्मा, सगळ्यासकट. नियम एकच, पुढे जायचं तर बॉल आधी खुर्चीकडे द्यायचा. ते चपलेखाली अडवून तो परत द्यायचे. पहिले काही दिवस पोरांनी बॉल त्यांच्या डोक्यावरूनच मारला. "अरे, मी पट्टी नाही, माणूस आहे," ते ओरडायचे. "मला द्या, मी चावत नाही." हळूहळू बॉल जमिनीवर आला. मग खुर्चीच्या अलीकडे, पलीकडे, त्रिकोणात फिरायला लागला...

वर्षाने तेच मैदान, समोर तीच टीम. पूर्वार्धात एकदा बॉल मागून रूपेशकडे आला, मधोमध. त्याने मान वर केली नाही. डावीकडे दिला, परत घेतला, दोन बॅकच्या मधून पुढे सारला, आणि आमचा फॉरवर्ड गोलीसमोर एकटा. उंच बॉलसाठी सज्ज झालेला तो उंचेला बॅक तसाच हवेत बघत उभा. गोल झाला. इक्बालभाई ओरडले नाहीत. खाली गवतावर बसले. "ताई," ते म्हणाले, "आज ऑफसाइड विचारू नका."

मग आम्ही दोन गोल खाल्ले आणि हरलो.

पोरं बसमध्ये जिंकल्यासारखी गात होती, इक्बालभाई खिडकीबाहेर बघत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते दुकानातच. मी म्हटलं, "सरांनी रागाच्या भरात म्हटलं असेल." "जबान दिली ती दिली." आठवडाभर ते पुसलेले कप पुन्हा पुसत बसले. सलीम वैतागला. मग एका संध्याकाळी पाटील सर स्वतः आले. दाराशीच उभे राहिले.

"इक्बालभाई, मी साइडलाइनवर येऊ नका म्हटलं होतं."

"येत नाहीये, सर."

"मधे बसू नका असं कुठे म्हटलं? पोरं थांबलीत."

इक्बालभाईंनी माझ्याकडे बघितलं, चपला पायात अडकवल्या आणि निघाले. सलीम बाहेर गेलेला, म्हणून दुकान माझ्यावर टाकलं. एका कपाचाही भाव न सांगता.

परवा मी मैदानावर जाऊन आले. ती पट्टी केव्हाच उखडली गेली. आता कॉलेजची मुलींचीही टीम आहे. त्यांची प्रॅक्टिस चालू होती आणि एक मुलगी सारखी ओरडत होती, "चाचा दे, चाचा दे." मी चपापले. पाणी प्यायला आली तेव्हा तिला विचारलं, "चाचा कोण गं?"

"कोन म्हंजे? पास हाय तो, काकी. मदून द्यायचा." बाटलीचं झाकण लावत ती म्हणाली, "मदे कोनी नसला तरी द्यायचा. कोनतरी येतोच."