क्रूसाचे तीन हिवाळे

कॅनडातल्या व्हिटबीच्या चर्चच्या अंगणातला लाकडी क्रूस जेरोम तुस्कानोने बनवला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला पॉलिश पेपर मारायला बायको सुझान होती, हे मात्र आता थोड्यांनाच आठवतं. जेरोमचा रंधा जरा वाकडा गेला की ती त्याला चारचौघांत फैलावर घ्यायची, आणि बुवाला ते आवडायचं, असं बायका अजून कुजबुजतात. क्रूस उभा राहिला, त्याच्या पुढच्याच वर्षी सुझान गेली.

२००६च्या उन्हाळ्यात चर्च कमिटीच्या रॉयने क्रूसाच्या बुडाला स्क्रू ड्रायव्हर टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"अंकल, कुजलाय. अॅल्युमिनियमचा आणू. नो मेंटेनन्स!"

"मेंटेनन्स नको होता, तर लग्न कशाला केलंस?" जेरोम म्हणाला.

सगळे हसले. जेरोम मात्र क्रूसापासून हलला नाही. त्याने आणि सुझानने मिळून केलेली ती शेवटची वस्तू. मीच दुरुस्त करतो, असा त्याने हट्ट धरला, तेव्हा शेवटी रॉयने तीन हिवाळ्यांची मुदत दिली. त्यानंतर पुन्हा हाच स्क्रू ड्रायव्हर.

वसईला जेरोमचे वडील होड्या बांधायचे. काजूच्या टरफलांचं तेल फडक्याने तळाला चोपडायचे, की लाकूड किड्याला दाद देत नसे. त्या तेलाचा उग्र वास वडिलांच्या सदऱ्यालाही यायचा. आता ते व्हिटबीत कुठून आणणार? पण मागच्या गल्लीत काळ्या अक्रोडाची झाडं होती आणि त्यांच्याखाली मुलगी लॉराचे टोमॅटो दरवर्षी माना टाकायचे.

"टोमॅटोला मारतो, तो बुरशीला सोडेल काय?" असं म्हणत जेरोमने सप्टेंबरात दोन बादल्या अक्रोड गोळा केले. हिरव्या साली बॅकयार्डात उकळल्या. क्रूसाचं कुजलेलं बूड कापून सहसा न कुजणाऱ्या सिडरच्या लाकडाचा जोड दिला, त्याला काढ्याचे चार हात दिले आणि वर जवसाचं तेल.

"पप्पा, ग्लोव्हज घाला ना, प्लीज!" लॉरा ओरडत होती.

"ग्लोव्हज घालून लाकूड कळतं का गं?"

परिणाम असा, की दोन्ही हात मनगटापर्यंत काळेकुट्ट. साबण झाला, लिंबू झालं, ढिम्म. आणि त्याच रविवारी चर्चमध्ये मराठी मिस्सा, त्यात कम्युनियनची पवित्र भाकर वाटायची पाळी जेरोमची! फादरांसमोरची रांग दारापर्यंत गेली. जेरोमसमोर कुणी नाही. शेवटी फिलूमावशी काठी टेकत आली.

"ख्रिस्ताचं शरीर," जेरोम म्हणाला.

"आमेन," मावशी म्हणाली, आणि हळूच, "सुझान असती तर घासून काढलं असतं तुला."

जेरोमच्या हातातली वाटी हसण्याने हलली. मग मावशीच्या मागे चार जण आले, मग दहा.

तीन हिवाळे गेले. २००९च्या एप्रिलमध्ये रॉय ओल्या मातीत गुडघे टेकून बसला. स्क्रू ड्रायव्हरचं टोक नखभर गेलं आणि अडलं. रॉयने अंगाचा भार टाकला. टोक तिथेच.

"ओके अंकल. अॅल्युमिनियम कॅन्सल."

यात काढा किती, सिडर किती आणि पाणी निचरावं म्हणून जेरोमने गुपचूप खाली भरलेली खडी किती, हे रॉयने विचारलं नाही आणि जेरोमनेही सांगितलं नाही.

माणसं पांगल्यावर त्याने क्रूसावर तळवा टेकवला.

"राहिला गं," तो म्हणाला.

मागे उभ्या लॉराला वाटलं, आपल्यालाच म्हणाला.