जोह्याच्या मूर्तीवाल्याची फुंकर

पेणच्या स्टँडवर आम्ही चहा प्यायलो. जवळच्या जोहे गावचा हा मूर्तीवाला चहावर फुंकर मारतो, घासलेल्या मूर्तीवरची धूळपण फुंकरीनंच उडवतो. त्या संध्याकाळी त्याला फुंकर जमेना.

डॉक्टरनं नळी घालून त्याची छाती आतून पाण्यानं धुतली होती. त्या पाण्यात काय सापडलं नाय. आता रोह्याचा डॉक्टर फुफ्फुसाचा बारीक तुकडा काढून तपासू म्हणत होता.

"धुतली ना एकदा? तुकड्याचं गणपती झाल्यावर बघू, काका," तो मला म्हणाला.

"माझी म्हातारी पाण्याच्या रिपोर्टवरच थांबली नि गेली, मेल्या. पाण्यात सुटलेलं तेवढंच येतं. मुरलेलं आतच राहतं," मी म्हटलं.

तो कप ठेवून उठला.

डोळ्यांची आखणी सोडून तो कधी कुठं जात नाय. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बिनडोळ्यांची मूर्ती फडक्यानं झाकली आणि रोह्याच्या एस्टीत माझ्यासाठी जागा धरली.