माझ्या हातानं लिहिलेला ठराव

संविधान दिनाला आमच्या शाळेत दरवर्षी तेच भित्तिपत्रक लागतं, चित्रं तेवढी बदलतात. या वर्षी मला हुक्की आली. मानोऱ्याजवळच्या एका गावात मी इतिहास शिकवते. दहावीच्या मुलांना म्हटलं, कोणाला कोणता हक्क कसा मिळाला ते लिहा. एका मुलीनं समलिंगी माणसांवर लिहिलं. त्यांचं प्रेम कायद्यानं गुन्हा होतं, न्यायालयानं तो गुन्हा राहू दिला नाही, अशा सात-आठ सरळ ओळी.

कागद चिकटवताना तिनं विचारलं, "मॅडम, असे लोक आपल्याकडं पहिलेपासून होते का?"

"होते की."

"म्हंजे माह्यासारखे," ती म्हणाली आणि बोटांचा डिंक पुसत राहिली. मग म्हणाली, "मायले सांगाचं हाये. पन माय काय म्हनन, समजत नाही."

मी तिला शब्द दिला, यावर एक अख्खा तास घेईन. मोठ्या तोऱ्यात दिला.

तो तास झालाच नाही. भित्तिपत्रकावरून गावात कुजबुज झाली आणि शाळा व्यवस्थापन समिती बसली. अध्यक्ष म्हणाले, "पुस्तकात नाही ते शिकवाचं कायले? पोरी बिघडून राह्यल्या." मी म्हटलं, इतिहास काही पुस्तकाच्या शेवटच्या पानावर संपत नाही. मग त्या मुलीची आई बोलली. ती समितीत सदस्य आहे.

"आपला इतिहास तरी कवा होता पुस्तकात? आमच्या आज्यानं सांगतला म्हनून समजला. शिकवू द्या मॅडमले."

आपण आपल्याच लेकीसाठी बोलतोय हे तिला ठाऊक नव्हतं. माझे डोळे भरून आले. तेवढ्यात कापूस वेचणीला न्यायला आलेल्या ऑटोनं बाहेर भोंगा वाजवला. आमच्याकडं सह्या आधी होतात, ठराव मागून लिहितात. मजुरीला जाणाऱ्या बायांना किती वेळ बसवणार? कोऱ्या पानावर सही करून ती गेली.

उरलेल्यांनी चहा घेतला आणि ठरवून टाकलं. मुख्याध्यापक सांगत गेले, मी लिहीत गेले. पाठ्यपुस्तकाबाहेरील विषय वर्गात घेऊ नये. सूचक, अध्यक्ष. अनुमोदक म्हणून मुख्याध्यापकांनी त्या आईचंच नाव सांगितलं. तपासणीला येणारे साहेब महिलांचा सहभाग बघतात, म्हणून ठरावाला पाठिंबा देणारी आमच्या वहीत नेहमी एखादी बाईच असते. बहुतेकदा निघून गेलेली.

"सर, ताई तर उलट बोलल्या."

"सही त्यायचीच हाये ना? लिहा."

मी लिहिलं. नोकरीची भीती म्हणा, सवय म्हणा, मुकाट्यानं लिहिलं. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी भित्तिपत्रक काढून तिथं माझ्याच अक्षरातली ठरावाची प्रत लावली. मधल्या सुट्टीत ती मुलगी कितीतरी वेळ तिथं उभी होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. तुमचं नाव खोटं लिहिलं असं तिच्या आईला गाठून सांगावं, तर ती विचारणार, तुम्हाला एवढं का लागलं; मग या ठरावानं लेकीला काय लागलं ते कसं सांगू? ते सांगायचा हक्क माझा नव्हता. ठराव बदलायचा तर पुन्हा बैठक, पुन्हा तेच लोक.

शेवटी तीच माझ्याकडं आली.

"मायले माह्याबद्दल समजलं का, मॅडम? म्हनून असं केलं तिनं?"

"नाही गं. तुझी आई शिकवू द्या म्हणाली. सगळ्यांसमोर म्हणाली. मी ऐकलंय."

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला माझं खरं वाटावं म्हणून मी आणखी काय बोलणार होते कोण जाणे.

"मंग तसं लिवलं काहून नाही?" तिनं विचारलं.