सोंड्यांची पंगत

माणसाची संस्कृती दुसऱ्या जीवाला पोसण्यापासून सुरू होते, असं माझं अजूनही मत आहे. माझ्या वाट्याला धान्यातले सोंडे, म्हणजे सोंडकिडे आले.

राज्य पुनर्रचनेनंतरची ही गोष्ट. धाराशिवबाहेरच्या सरकारी शेतावर एक खोली होती. तिला प्रयोगशाळा म्हणावं असा लेखी हुकूम होता. मी तिथला हंगामी सहायक. अख्ख्या दाण्याऐवजी पिठाच्या गोळ्यांवर सोंडे वाढतात का, हे बघायचं काम. वरिष्ठांच्या तपासणीपर्यंत गोळ्यांतून नवी पिढी बाहेर आली तर मी कायम, नाही तर जागा बंद, असं शेतावरच्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं.

ज्वारीचं पीठ मळायचं, त्यात चिमूटभर यीस्ट, दाण्याएवढ्या गोळ्या वळून कडक वाळवायच्या, बरणीत सोंडे सोडून तोंडाला फडकं बांधायचं. मग वाट बघायची. मग मेलेले झाडून टाकायचे आणि पुन्हा मळायला बसायचं. असं तीनदा झालं. साहेबांनी आधी यीस्ट वाढवायला सांगितलं, मग कमी करायला. पुढं पुढं घरी भाकरी थापताना दिसली तरी मला थकवा यायचा.

चौथ्या खेपेला ज्वारी आणायला मी स्वतःच कोठीत गेलो. कोठी सांभाळणारे चाचा निजामाच्या अमलापासूनचे. त्यांनी पोत्यात हात घातला, तर ज्वारीबरोबर कडुलिंबाचा वाळका पाला वर आला. त्याचाच चुरा आमच्या दळणात जात होता.

"चाचा, हा पाला कुणी घातला?"

"म्याच. दर सालाला घालतो. आपल्या कोठीत सोंडा न्हाय जगायचा."

मला ते जगवायचेच आहेत, असं मी सांगितलं. त्यांनी हातातला पाला पुन्हा पोत्यात टाकला.

"पाळायलेत व्हय तुमी? म्या समजलो, मारायचं काम हाय. रोज मेलेलेच तर बाहेर टाकता."

मी बाजारातून बिनपाल्याची ज्वारी आणली. महिन्याभरानं, नेमकी तपासणीच्या सकाळी, एका गोळीला भोक पडून सोंड दिसली. तपासणीला आलेले बडे अधिकारी भिंग धरून विज्ञान आणि राष्ट्र यांवर बराच वेळ बोलले.

पंधरवड्यानं हुकूम आला. मी कायम झालो होतो. नेमणूक मुरुम गावच्या धान्यगोदामात, औषध फवारून सोंडे मारण्यासाठी.