ढगळ मापाची पेटी

आमच्या शाळेत नवं वर्ष सुरू झालं की वर्गात आधी गणवेश यायचा आणि मग त्याच्या आत कुठेतरी मूल दिसायचं. बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत, खांदे दंडावर उतरलेले, चड्डी गुडघ्यांच्या खाली. हे सगळे गणवेश शिवणारी बाई माझ्या शेजारी राहायची. तिला लोक ढगळमावशी म्हणत आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं.

"मूल काय माप घेतल्या दिवसाएवढंच राहतं होय?" ती विचारायची. "वाढायला जागा नको?"

वर्ष सरताना तेच गणवेश अंगाबरोबर बसायचे, त्यामुळे आई-वडिलांची तक्रार कधी टिकली नाही. आपलं माप चुकतं असं मावशीला आयुष्यात एकदाही वाटलं नव्हतं.

पुढे शाळेने तयार गणवेश आणायला सुरुवात केली. मावशीने शिवणयंत्राला तेल दिलं, त्यावर चादर टाकली आणि नवऱ्याला सांगितलं, "आता मी मधमाश्या पाळणार." नवरा बसमध्ये कंडक्टर होता, नुकताच निवृत्त झालेला. तो मला कुंपणाशी येऊन म्हणाला, "गुरुजी, ही बाई नाकावर माशी बसू देत नाही. आता पेटीभर आणणार म्हणते."

माश्या द्यायच्या होत्या मावशीच्या थोरल्या भावाने. तो गावाबाहेर एका फळबागेत मधपेट्या सांभाळायचा. मोजकं बोलणारा, प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवणारा माणूस. बहिणीवर त्याची माया होती, पण भरवसा नव्हता.

"एक हंगाम ठेव," माश्यांनी भरलेली एक जुनी पेटी परसात उतरवत तो म्हणाला. "हंगाम संपला की मी येईन आणि झाकण उघडीन. आतली प्रत्येक चौकट सुटी उचलता आली, तर माश्या तुझ्या. नाही तर परत नेईन."

"चौकटीचं एवढं काय दादा?"

"माश्या चौकटीत पोळं बांधतात. ती उचलून बघता आली, तरच कळतं राणी अंडी घालतेय की नाही, आत रोग शिरलाय की नाही. उचलता आली नाही तर ती पेटी कसली, भिंतीच्या भोकातलं पोळंच ते." जाताना तो आणखी एक सांगून गेला, "हिचा तळ कुजलाय. सुताराकडून अशीच दुसरी करून घे. अगदी अशीच."

मावशीने सुताराला पेटी दाखवली, टेप लावला आणि सवयीने सगळीकडे बोटभर वाढवलं. सुतार म्हणाला, "मावशी, लांबी वाढवली तर चौकटी टेकायच्या कशावर? खाली पडतील." तेव्हा तिने लांबी तेवढी तशीच ठेवली; रुंदी आणि खोली मात्र ऐसपैस केली. नवी पेटी आली, चौकटी तिच्यात हलवल्या आणि मावशीने त्या सारख्या अंतरावर सैल लावल्या. माश्यांना पंख पसरायला जागा, असा हिशोब.

आणि पेटी भरभराटीला आली की हो. सकाळी उन्हाची तिरीप दारावर पडली की माश्यांची ये-जा सुरू. पायांना पिवळे पराग लावून भरल्या हातांनी घरी आल्यासारख्या त्या आत शिरायच्या. कंडक्टर आधी लांबून बघायचा, मग खुर्ची घेऊन बसायला लागला. दारात गर्दी झाली की म्हणायचा, "पुढे सरका, आत जागा आहे." मावशी मला म्हणाली, "बघा गुरुजी, मोकळं माप सगळ्यांनाच मानवतं."

फुलांचा बहर ओसरायला लागला तेव्हा तिने धूर दिला आणि झाकण काढायला गेली. झाकण हलेना. पटाशी घालून उचकटलं तेव्हा त्याच्याबरोबर मेणाचा लगदा वर आला. खाली एकही चौकट वेगळी दिसत नव्हती. माश्यांनी दोन चौकटींच्या मधल्या फटीत पोळी बांधली होती, चौकटींच्या खाली बांधली होती, एका चौकटीवरून दुसरीवर तिरपी नेली होती. मावशीने सोडलेली बोटभर जागा त्यांनी बोटभरसुद्धा मोकळी ठेवली नव्हती. एक चौकट ओढली तर अख्खी पेटीच जागची हलली.

तिने भावाला फोन केला. लपवाछपवी तिच्या स्वभावात नव्हती.

"मोकळी जागा किती सोडलीस?" त्याने विचारलं.

"बोटभर."

तो म्हणाला, "माशी जाण्यायेण्याची वाट तेवढी मोकळी ठेवते. त्याहून जास्त जागा दिसली की ती पोळं बांधून भरते. ती काय पोरगी आहे वाढत्या अंगाची? रविवारी येतो. परत नेतो."

"रविवारी ये," मावशी म्हणाली. "मग बघू."

फोन ठेवून ती तडक सुताराकडे गेली आणि जुन्या पेटीच्या मापाची नवी पेटी करायला सांगितली. या वेळी टेप सुतारानेच धरला आणि ती हात मागे बांधून उभी राहिली. तिचं ते गप्प उभं राहणं सुताराने मला नंतर कौतुकाने सांगितलं.

पेटी आली त्या दिवशी दुपारी त्यांनी काम काढलं. कंडक्टरने दोन शर्ट, टोपी आणि तोंडावर जाळी चढवली आणि धूर द्यायला उभा राहिला. मावशी पाव कापायच्या लांब सुरीने एकेक पोळं कापून काढत होती. पोळ्याची वरची बाजू वरच राहायला हवी, नाही तर खणांमधला मध खाली येतो. म्हणून कापण्याआधीच ती वरच्या कडेला लाल डोक्याची टाचणी खोचायची. मग पोळं रिकाम्या चौकटीत बसवायचं, कडा कातरून नीट करायच्या, पांढऱ्या सुती दोऱ्याचे वेढे देऊन बांधायचं, टाचणी काढायची आणि चौकट नव्या पेटीत सोडायची. मध कोपरापर्यंत ओघळत होता. एक माशी तिच्या अंगठ्याला डसली, तेव्हा तिने फक्त काटा खरवडून काढला.

"राणी दिसली का?" नवऱ्याने विचारलं.

"नाही."

"चिरडली नसेल ना?"

"धूर द्या तुम्ही."

त्यानंतर तिने पेटीला हात लावला नाही. पण दोन दिवसांनी सकाळीच कंडक्टरने मला हाका मारून बोलावलं. पेटीच्या दारात माश्या पांढरं काहीतरी ओढून बाहेर टाकत होत्या. "पिल्लं टाकतायत, गुरुजी," तो हलक्या आवाजात म्हणाला. "राणी गेली वाटतं. हिला कसं सांगू?"

सांगावं लागलं नाही, ती मागेच उभी होती. पेटीसमोरच्या पायरीवर पांढऱ्या तुकड्यांचा छोटा ढीग झाला होता. मावशी वाकली, त्यातला एक तुकडा उचलला आणि दोन बोटांमध्ये चोळला. मग एकटीच हसायला लागली.

"दोरा आहे," ती म्हणाली. "माझा दोरा. कुरतडून काढलाय." तिने तो मला दाखवला. टोकं पिंजलेली, सूत मेणाने चिकट. "पोळं चौकटीला पक्कं जोडून झालं असणार त्यांचं. आपणही पक्की शिलाई मारली की कच्चा धावदोरा ओढूनच काढतो ना?"

"आणि राणी?" कंडक्टरने विचारलं. ती आत निघून गेली.

रविवारी भाऊ आला. बरोबर माश्या न्यायची रिकामी पेटी होती. ती त्याने पायरीजवळ ठेवली. पाणीसुद्धा न घेता त्याने धूर दिला, झाकण काढलं आणि पहिली चौकट दोन बोटांनी धरून वर खेचली. ती सहज वर आली. दुसरी आली. तिसरीतलं पोळं जरा वाकडं होतं. त्याने मान तिरकी करून पाहिलं आणि चौकट परत ठेवली. मधल्या चौकटीशी तो थांबला. सूर्याकडे पाठ करून त्याने ती चौकट उन्हात धरली आणि खणांच्या तळाशी बघत राहिला. आम्ही तिघे मागे उभे होतो. मावशीने चेहरा खंबीर ठेवला होता, पण पदराचं टोक मुठीत चुरगळलं होतं.

"इकडे ये," तो म्हणाला. "खणाच्या तळाला बघ. उभी आहेत."

प्रत्येक खणात तांदळाच्या कणीहून बारीक एकेक अंडं उभं होतं.

"ताजं अंडं उभं असतं, मग आडवं होतं. म्हणजे राणी कालपरवापर्यंत तरी हिंडत होती आत." त्याने चौकट जपून खाली सोडली, उरलेल्या चौकटी एकेक करून उचलून पाहिल्या आणि झाकण लावलं. "माश्या तुझ्या."

कंडक्टर चहा टाकायला आत पळाला. भाऊ पायरीवर बसला, तिथला दोऱ्याचा एक तुकडा उचलून बोटाभोवती गुंडाळत राहिला.

"बागेतल्या जुन्या खोलीत एक कपाट आहे," तो म्हणाला. "त्याच्यात एक पोळं आहे मोठं. मला काढायचं आहे, पण नुसतं कापलं तर सगळं खाली येईल. पुढच्या रविवारी येशील? दोरा तुझा, सुरी माझी."

"सुरीही मीच आणते," मावशी म्हणाली. "तुझी बोथट असते."