वाकड्या तुळया

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेच विसरलो. कळसाडीजवळच्या एका खेड्यातलं ते छत मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

इंग्रजी अमदानी होती. मी शहाद्याकडे फौजदार होतो. खबऱ्यानं खबर आणली, की एका शेतकऱ्यानं नवं घर बांधलंय, आत जंगी सागवानी तुळया आहेत आणि एकीवरही जंगलखात्याच्या हातोड्याचा शिक्का नाही. शिक्का नाही म्हणजे सातपुड्यातली चोरी, हे त्या दिवसांत शेंबडं पोरही सांगे. आम्ही घर पाहिलं आणि मालकाला ठाण्यावर आणलं.

जबाबात तो एवढंच म्हणाला, "मी चोरी नही करी, साहेब." लाकूड कुठलं विचारलं, की तोंडाला कुलूप. हवालदारानं दरडावलं, मी चहा पाजला. ढिम्म! सराईत चोर असा गप्प बसत नाही, तो दहा थापा मारतो. हा कशाला तरी घाबरला होता, पण आम्हाला नव्हे.

जेवताना एकदम लक्षात आलं. त्या तुळया वाकड्या होत्या! डोंगरात सरळसोट साग उभा असताना वाकडं लाकूड चोरायला कोण मरायला जाईल?

पंच, सुतार आणि मालकाला घेऊन पुन्हा घरी गेलो. तुळयांना जागोजागी भोकं होती; ती राळ-मेणानं बुजवून वर तेल-काव फासली होती. सुतारानं पटाशीनं खरवडलं. आतून हिरवा पडलेला तांब्याचा जाड खिळा निघाला. शेजारच्या भोकातून माझ्या तळहातावर बारीक पांढरे शिंपले गळले. अरे बापरे! समुद्र कुठे आणि तापीकाठचं हे खेडं कुठे! मी वर पाहिलं. एका शिडाच्या जहाजाच्या बरगड्यांखाली आम्ही उभे होतो.

मालकानं माझे पाय धरले. "मन्हा बापनी सुरतथाईन बैलगाडीवर आनेल शे. बुडेल जहाजनं लाकूड, साहेब. त्यामा मानसे मरनात. गावले समजनं तं मन्हा पोऱ्याले पोर कोन दी? मले कोठडीमा टाका, पन पंचनामामा हाई लिखू नका!"

आता आली का पंचाईत! लिहावं तर घर अपशकुनी ठरणार, न लिहावं तर हा तुरुंगात जाणार.

तेवढ्यात त्याची बायको चुलीपासून उठून आली. तिच्यापासूनही त्यानं हे लपवलं होतं. तिनं नवऱ्याकडे एकदा जळजळीत पाहिलं, मग तुळईकडे.

"हाई साग आपला डोंगरनाच व्हई," ती म्हणाली. "समिंदर फिरीसन घर परत उना. लिखा, साहेब! मन्हा पोऱ्यानं लगीन याच छतखाल व्हई."

तिनं करंडा आणला, पाटावर चढून तुळईला कुंकू लावलं. पंचांतल्या म्हाताऱ्यानं हात जोडले. मी पंचनामा लिहिला, शिंपल्यांसकट. माणूस सुटला.

मुकाट बसलेला माणूस गुन्हाच लपवतो असं नाही, हे मी तिथं शिकलो. पुढं त्याच घरातून लग्नाचं आवतण आलं. अक्षता टाकताना सगळे नवरा-नवरीकडे बघत होते, मी वर बघत होतो.